वाटेचा परवाना

परदेशगमनाची वर्णने वाचकांनी पुष्कळ वाचली असतील. त्यांत उंच इमारती, पदार्थसंग्रहालये, स्वच्छ रस्ते आणि तेथील लोकांची शिस्त ही ठरलेली असतात. आम्ही ज्या स्थळाविषयी लिहिणार आहोत ते प्रवासवर्णनांत क्वचितच येते. कारण तेथे मुक्कामास म्हणून कोणी जात नाही. एका विमानातून उतरून दुसऱ्यात चढेपर्यंत ज्या दालनात माणसे बसून राहतात, ते हे स्थळ. त्या दालनात नुसते बसण्यासाठीसुद्धा काही देश काही लोकांपाशी परवाना मागतात, ही गोष्ट वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षापर्यंत आम्हास ठाऊक नव्हती. त्यास ट्रान्झिट व्हिसा असे नाव आहे; आम्ही आपले 'वाटेचा परवाना' म्हणतो.

आमचे धाकटे चिरंजीव काही वर्षे ब्राझील देशातील साओ पाउलो शहरी नोकरीस होते. तेथेच त्यांनी विवाह केला. सूनबाई मूळच्या त्याच देशाच्या बाहिया प्रांतातल्या. विवाह तेथील नोंदणी कचेरीत झाला. आमच्यापैकी कोणी हजर नव्हते. ही गोष्ट घरात बरेच दिवस बोचत होती, आणि सर्वांत अधिक आम्हालाच बोचत होती, हे येथे कबूल करावयास हरकत नाही. पुढे चिरंजीवांस पुण्यास नोकरी मिळाली आणि दोघांनी कायमचे इकडे यावयाचे ठरविले. तेव्हा मातोश्री म्हणाल्या, "नव्या सुनेला आणायला घरची माणसे जातात. तुम्ही दोघे जा." त्यांचे सहस्रचंद्रदर्शन जून २०२३ मध्ये व्हावयाचे होते. त्याच्या आत सूनबाईंना घेऊन परत यावे, असे ठरून आम्ही उभयता एप्रिलमध्ये निघालो.

साओ पाउलोचे वर्णन करू लागलो तर हा लेख पुरणार नाही. पाउलिस्ता नावाच्या हमरस्त्यावर एक चित्रसंग्रहालय दोन प्रचंड तांबड्या तुळयांना टांगल्यासारखे उभे आहे, आणि त्याच्या खाली मोकळी जागा आहे. आमचे मन मात्र रमले ते तेथील जुन्या मंडईत. काजूची बोंडे पाहून सौभाग्यवतींचे डोळे भरून आले; त्यांचे माहेर वेंगुर्ल्याकडचे. परंतु काजू हा मूळचा ब्राझीलचाच, आणि त्याचे नावही तेथील तुपी भाषेतले. पोर्तुगीजांनी तो गोव्यास आणला आणि तेथून तो कोकणभर पसरला. उलट आपला आंबा व फणस त्याच लोकांनी तिकडे नेला. फणसास तिकडे 'जाका' म्हणतात. हे नाव मल्याळी 'चक्का'वरून गेलेले. इ. स. १५०० मध्ये काब्राल नावाचा पोर्तुगीज दर्यावर्दी हिंदुस्थानास यावयास निघाला, तो वाटेत ब्राझीलच्या किनाऱ्यास लागला आणि मग कालिकतला पोहोचला. म्हणजे त्याच्या प्रवासात ब्राझील हे वाटेवरचे ठिकाण होते. वाटेचा परवाना त्याच्यापाशी कोणी मागितला नाही, ही गोष्ट निराळी.

घरातून निघाल्यापासून आमची सगळी काळजी सूनबाईंच्या कागदपत्रांची होती. विवाहाचा दाखला पोर्तुगीज भाषेतला. त्याचे शपथबद्ध भाषांतरकाराकडून इंग्रजी भाषांतर करावयाचे आणि त्यावर 'अपोस्तिल' म्हणजे परदेशात चालणारे प्रमाणन घ्यावयाचे. ही सोय आपल्या देशात २००५ पासून व ब्राझीलमध्ये २०१६ पासून आहे. पूर्वी यासाठी कचेऱ्यांचे किती उंबरठे झिजवावे लागत याची कल्पनाच केलेली बरी. ते झाल्यावर आपल्या वकिलातीत अर्ज. तेथे पर्यटकाचा व्हिसा चालत नाही; हिंदी नागरिकाच्या पत्नीस 'एंट्री व्हिसा' घ्यावा लागतो. आम्ही रोज सायंकाळी विचारीत असू, "हिचे सर्व झाले ना?" एके दिवशी व्हिसा उमटलेले पारपत्र घेऊन सूनबाई आल्या आणि त्यांनी ते आमच्या हाती ठेवले. आम्ही निःश्वास टाकला. आता कसली अडचण?

परतीचा मार्ग चिरंजीवांनी आधीच ठरविला होता. प्रथम त्यांच्या मनात लिस्बनला उतरून, तेथून युरोपातील दुसऱ्या एका शहरी विमान बदलून मुंबईस यावे असे होते. वास्को द गामा जेथून निघाला त्या गावावरून घरी परतावे ही कल्पना आम्हासही आवडली होती. पण तिकिटे महाग पडली, म्हणून साओ पाउलो ते फ्रँकफुर्ट आणि फ्रँकफुर्ट ते मुंबई अशी चौघांची एकत्र तिकिटे घेतली. तिकिटे देणाऱ्या गृहस्थास आम्ही स्वतः विचारले होते, "मधल्या देशाचा काही परवाना?" त्याने हसून उत्तर दिले, "विमानतळाबाहेर पडायचेच नाही, मग परवाना कशाला?" युक्तिवाद इतका सरळ होता की आम्हास तो पटला. तर्कशास्त्र शिकविणाऱ्या माणसाने सरळ युक्तिवादापासून सावध राहावे, हे आम्ही त्या वेळी विसरलो.

निघण्यास बारा दिवस असताना चिरंजीवांच्या एका स्नेह्याने सहज विचारले, "जर्मनीचा ट्रान्झिट व्हिसा काढलात ना?" चिरंजीवांनी त्या देशाचे नियम काढून वाचले आणि रात्रीचे जेवण तसेच राहिले.

त्या वर्षी नियम असा होता. युरोपीय संघाची एक सामाईक यादी होती. तीत ज्या देशांची नावे, त्यांच्या नागरिकांस संघातील कोणत्याही विमानतळावर विमान बदलण्यासाठी वाटेचा परवाना लागे. त्या यादीत आपल्या देशाचे नाव नव्हते. परंतु प्रत्येक देशास आपली पुरवणी यादी जोडण्याची मुभा होती, आणि जर्मनी व फ्रान्स यांच्या पुरवणीत ते होते. अमेरिका, कॅनडा किंवा जपान यांचा चालू व्हिसा जवळ असेल तर सूट मिळे. आमच्यापाशी तसा नव्हता. चिरंजीवांपाशी ब्राझीलचे रहिवासपत्र होते, त्याचा येथे काही उपयोग नव्हता. आणि पहिल्या बेताप्रमाणे लिस्बनहून दुसऱ्या युरोपीय शहरी गेलो असतो, तर तो प्रवास त्या संघाच्या हद्दीतला धरला जाऊन आम्हास पुरा व्हिसाच लागला असता. तिकिटे दोन निरनिराळी असून सामान मध्ये स्वतः उचलावे लागत असेल, तर तीच गत. कारण सामान घेण्यासाठी बहुधा त्या देशाची वेस ओलांडावी लागते. हे सारे आम्ही त्या रात्री शिकलो. ज्यांच्या घरी असा प्रवास ठरत असेल त्यांनी तिकीट काढण्यापूर्वी शिकावे, आणि असले नियम वर्षावर्षास बदलतात म्हणून ज्या त्या देशाच्या वकिलातीचेच वाचावे.

या नियमाचे कारण असे सांगतात की काही प्रवासी मधल्या विमानतळावर उतरतात, पुढे जातच नाहीत आणि तेथेच आश्रय मागतात. अपुऱ्या कागदांचा प्रवासी आणल्यास विमान कंपनीस दंड होतो व त्यास परत न्यावे लागते. म्हणून कंपनीचा कारकून निघतानाच अडवितो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुसऱ्या अधिकरणात मुद्राध्यक्षाचे प्रकरण आहे. एक माषक घेऊन मुद्रा द्यावी, ती असेल त्यानेच जनपदात यावे किंवा बाहेर जावे, आणि मुद्रेवाचून सापडलेल्यास बारा पण दंड करावा, असा त्याचा आशय. पारपत्राचा हा व्यवहार आपणास नवा नाही. नुसत्या वाटेच्या परवान्याचे नाव मात्र त्या प्रकरणात आढळत नाही.

आता वाचकांच्या ध्यानात आले असेल की अडलो ते आम्ही तिघे. ब्राझीलच्या नागरिकांस युरोपात अल्पकाळासाठी व्हिसाच लागत नाही. जिच्या कागदांची दोन महिने काळजी केली, ती परदेशी सून फ्रँकफुर्टला उतरून खुशाल गावात फेरफटका मारून येऊ शकत होती. आणि तिला घरी न्यावयास आलेली घरची माणसे त्या दालनातल्या बाकावरही बसू शकत नव्हती. परवान्यासाठी अर्ज करावा तर भेटीची वेळ आमच्या निघण्याच्या तारखेनंतरची मिळत होती. सहस्रचंद्रदर्शनाचा दिवस काही कोणासाठी पुढे ढकलता येत नाही.

तोडगा एक दिसला. आम्ही तिघांनी आदिस अबाबावरून यावे. जाताना आम्ही उभयता त्याच मार्गाने गेलो होतो आणि तेथे विमानतळाच्या आत राहिल्यास परवाना लागत नव्हता. सूनबाईंचे तिकीट मात्र तसेच ठेवावे. त्या फ्रँकफुर्टवरून एकट्या येतील आणि निदान एकाचे तरी पैसे वाचतील. हा हिशेबी तोडगा आमचा, हे सांगावयास आज संकोच वाटतो. चिरंजीवांनी तो भाषांतर करून सांगितला. सूनबाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी सौभाग्यवतींकडे पाहून जे सांगितले त्याचा अर्थ असा, "आजींनी तुम्हाला मला आणायला पाठवले आहे ना? मग मी एकटी कशी जाऊ?" यावर आम्हास उत्तर सुचले नाही. चौघांची तिकिटे बदलली. पैसे बुडाले ते बुडाले.

पण मार्ग बदलल्याने सगळे सुटले नव्हते. ब्राझील व इथियोपिया या दोन्ही देशांत पीतज्वराचा उपद्रव आहे. तेथून येणाऱ्याने लस घेतल्याचा पिवळा दाखला दाखविला नाही, तर आपल्याकडे त्यास सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवतात. आम्ही उभयतांनी वैद्यांचा सल्ला घेऊन निघण्यापूर्वीच लस घेतली होती. चिरंजीवांचीही झाली होती. सूनबाईंनी २०१८ साली, साथीच्या वेळी, घेतली होती. तथापि दाखला मागू गेल्या तेव्हा कळले की त्या साली लस पुरवून वापरण्यासाठी पुष्कळांस पूर्ण मात्रेऐवजी अंशमात्रा दिली होती, आणि अंशमात्रेवर आंतरराष्ट्रीय दाखला मिळत नाही. पूर्ण मात्रा घ्यावयाची, आणि दाखला तर लसीनंतर दहा दिवसांनी लागू होतो! त्यांनी दुसऱ्याच दिवशी लस घेतली. नवी तिकिटे पहिल्याहून दोन दिवस उशिराची मिळाली होती, म्हणून दहा दिवस भरून वर थोडे उरले. मुंबईस पोहोचावयाचे ते सोहळ्याच्या आदल्या दिवशी.

आदिस अबाबाच्या दालनात आम्ही तीन-साडेतीन तास काढले. रुक्ष असे ते स्थळ. दिव्यांचा उजेड, दुकाने, आणि बाकांवर पाय ताणून झोपलेली माणसे. कोणी हज यात्रेस निघालेले, कोणी आखातात मजुरीस, कोणी व्यापारास. पाट्यांवरील तेथील लिपी मात्र आम्ही बराच वेळ पाहत होतो. आपल्या बाराखडीप्रमाणे तीतही प्रत्येक व्यंजनाची स्वरागणिक निराळी रूपे होतात, फक्त बारा नव्हे, सात. जवळच्या दुकानातील मुलीने आणखी एक गोष्ट सांगितली. त्यांचे तास मध्यरात्रीपासून नव्हे, सकाळपासून मोजतात. आपले सात वाजतात तेव्हा त्यांचा एक वाजतो. आपल्या घटिकाही सूर्योदयापासूनच मोजीत, हे तिला सांगण्याचा आम्ही प्रयत्न केला. तिने नम्रपणे ऐकून घेतले.

इकडे पलीकडच्या बाकावर सासूसुनांचे संभाषण चालले होते. चिरंजीव झोपी गेल्याने दुभाष्या नव्हता. सौभाग्यवतींनी पेटीचे कुलूप उघडण्यासाठी चावी काढली, तो सूनबाई म्हणाल्या, "शावी!" मग दोघी खेळासच लागल्या. साबण, बटाटा, पाव, फीत, मेज, काजू. एकीने वस्तू दाखवावी आणि दुसरीने नाव सांगावे. आम्ही चाळीस वर्षे भाषा शिकविली, पण पोर्तुगीजांनी मागे ठेवलेल्या त्या शब्दांचा असा उपयोग कधी पाहिला नव्हता. आम्ही तोंड फिरवून पुन्हा पाट्या वाचू लागलो.

सकाळी मुंबईस उतरलो. आरोग्य खात्याच्या मेजावर चारही पिवळे दाखले पाहिले गेले. सूनबाईंच्या दाखल्यावरील तारीख अधिकाऱ्याने बोटावर मोजली आणि मान हलविली. पुढे दोन रांगा झाल्या. आमची, स्वदेशीयांची रांग भराभर सरकली आणि आम्ही तिघे पाच-सात मिनिटांत पलीकडे गेलो. चिरंजीवांनी मागे जावयास पाऊल उचलले, तो पहारेकऱ्याने अडविले. परदेशीयांच्या रांगेत सूनबाई आपली कागदांची पिशवी छातीशी धरून एकट्या उभ्या होत्या. पुढे त्यांचे बोटांचे ठसे घेतले, काही प्रश्न विचारले, अधिकारी उठून कोणाला तरी विचारून आला. अर्धा तास तरी गेला असेल. वाटेतल्या देशाने त्यांस अडविले नसते. अडविले ते त्यांच्या घराने. आणि त्यांना आम्ही एकट्या पाठवू पाहत होतो! शेवटी शिक्का पडल्याचा आवाज आम्हास काचेपलीकडून ऐकू आला की आम्हास तसे वाटले, कोण जाणे.

कागदांचे काम एवढ्यावर संपत नाही. दीर्घ मुदतीच्या व्हिसावर आलेल्यास चौदा दिवसांच्या आत नोंदणी करावी लागते. ती आम्ही सोहळ्यानंतर केली. हिंदी नागरिकाच्या परदेशी पत्नीस विवाहास दोन वर्षे झाल्यावर ओ. सी. आय. साठी अर्ज करता येतो.

पुण्यास पोहोचलो तेव्हा दुपार झाली होती. घरात दुसऱ्या दिवसाची धांदल होती, तरी माप ठेवलेले होते आणि मातोश्री खुर्चीवर दारातच बसल्या होत्या. सूनबाईंनी माप ओलांडले, नमस्कार केला. मातोश्रींनी त्यांचा हात हातात घेऊन आम्हास विचारले, "वाटेत कोणी अडवले नाही ना हिला?" आम्ही म्हणालो, "हिला नाही." त्यांना त्याचा अर्थ कळला नसावा.

स्वयंपाकघरात वेंगुर्ल्याहून आलेला मोठा फणस आडवा पडला होता; तो कोणी फोडावा यावर आमच्या वहिनी व इतर बायकांचा वाद चालला होता. सूनबाई तेथे जाऊन उभ्या राहिल्या, "जाका" म्हणाल्या आणि दोन्ही तळहात एकमेकांवर चोळून दाखवू लागल्या. कोणास काही उमजेना. वहिनींनी क्षणभर पाहिले आणि म्हणाल्या, "अगं, तेल मागते आहे ती, हाताला चीक लागू नये म्हणून." आणि तेलाची वाटी व विळी दोन्ही त्यांच्यापुढे सरकवली.