टॅग वाचला गेला, मग दांडा का उठला नाही?

अम्मींच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी छत्रपती संभाजीनगरला जायचे होते. फजरची नमाज होताच आम्ही हिवरा आश्रमहून गाडी काढली. वाटेत धाकट्या भावाला आठवले, फास्टॅगमधले पैसे संपलेत. तसा मेसेज दोन दिवसांपूर्वीच आला होता. नाका जवळ आला तेव्हा त्याने मोबाईलवरून पाचशे रुपये टाकले. पैसे जमा झाल्याचा मेसेज आला आणि आम्ही निर्धास्त झालो.

नाक्यावर मात्र समोरचा दांडा उठला नाही. पडद्यावर शब्द आला, 'ब्लॅकलिस्ट'. मागून हॉर्न सुरू झाले. अब्बा खाली उतरले. "आम्ही आजवर कुणाचा पैसा बुडवला नाही. आमचं नाव काळ्या यादीत कसं?" त्यांचा आवाज चढला. खिडकीतला मुलगा नातवाच्या वयाचा. तो एवढेच म्हणाला, "चाचा, मी नाही टाकलं. मशीन सांगते." दवाखान्यासाठी बांधून घेतलेल्या पैशांतून दुप्पट टोल भरला. पुढे सारा रस्ता अब्बा गप्प होते.

दवाखान्यात बसल्या बसल्या जावयांनी समजावून सांगितले. फास्टॅगमध्ये बॅटरी नसते आणि पैसेही नसतात. नाक्यावरचा रीडर रेडिओ लहरी सोडतो. त्यांच्याच ऊर्जेवर टॅगमधली चिप आपला क्रमांक सांगते. पैसे असतात ते खात्यात. म्हणून अडचणी दोन प्रकारच्या. एक, क्रमांक वाचलाच जात नाही: टॅग फाटलेला, सुटलेला किंवा काचेवर नीट न चिकटवलेला. दुसरी, क्रमांक वाचला जातो, पण टॅग बंद असल्याचे यादी सांगते: शिल्लक कमी किंवा केवायसी अपुरी. पहिल्यात टॅग बदलावा, दुसऱ्यात खाते दुरुस्त करावे. आमची अडचण दुसरी होती.

मग पैसे टाकूनही असे का झाले? राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगितले होते, की राष्ट्रीय महामार्गांवरील नाक्यांना टॅगची स्थिती त्या क्षणी कळते. काही राज्य महामार्गांवर मात्र ठरावीक वेळाने येणाऱ्या यादीवर काम चालते. आमचा नाका राज्याच्या रस्त्यावरचा. आमचे पैसे पोहोचले, नवी यादी पोहोचली नव्हती.

'कोड १७६' चीही तेव्हा खूप चर्चा झाली. १७ फेब्रुवारी २०२५ पासूनचा तो नियम. टॅग वाचण्याआधी साठ मिनिटांहून अधिक काळ बंद असेल आणि वाचल्यावर दहा मिनिटांनंतरही बंदच राहिला, तर तो व्यवहार या कोडने नाकारायचा. हा मुख्यतः बँकांमधल्या हिशेबाचा नियम आहे. प्रवाशाने त्यातून एवढेच घ्यावे, की नाका दिसल्यावर पैसे टाकण्यात शहाणपण नाही.

तिसऱ्या दिवशी अम्मींना घेऊन परतलो. दांडा लगेच उठला. अब्बांनी गाडी बाजूला घ्यायला लावली, खिडकीशी जाऊन म्हणाले, "बेटा, त्या दिवशी आवाज चढला. माफ कर." मुलगा हसला. "चाचा, रोज कुणीतरी रागावतंच. माफी मागायला तुम्ही पहिलेच आलात."

आता कुठे निघायचे असले की आदल्या रात्री इशानंतर अब्बाच विचारतात, "टॅग पाहिला का रे?" काळ्या यादीत असतो तो टॅगचा क्रमांक, आपली अब्रू नव्हे. हे कळायला आम्हाला दुप्पट टोल भरावा लागला. तुम्हाला तो भरावा लागू नये, म्हणून हे लिहिले.