बँकर्सच्या बैठकीत नवखी

"मॅडम, उद्या बीएलबीसीला तुम्हीच जा. तिमाहीचा तक्ता न्या आणि विचारतील तेवढंच बोला," आमचे शाखा व्यवस्थापक म्हणाले. मी सांगलीहून समुद्रपूर तालुक्यातल्या एका शाखेत कृषी अधिकारी म्हणून नुकतीच आले होते. ऊस सोडून कापूस, सोयाबीन, तुरीच्या मुलखात रुळणं चालू होतं, त्यात हे नवं प्रकरण.

बीएलबीसी म्हणजे तालुकास्तरीय बँकर्स समिती, एवढं कळलं. बँकर्सची म्हणजे बँकवाल्यांची संघटना, असा माझा समज. बदल्या आणि पाच दिवसांचा आठवडा, याच गप्पा असतील! सभागृहात पाहते तो पंचायत समितीचे अधिकारी, तालुका कृषी अधिकारी, तहसीलचे प्रतिनिधी आणि बचत गटांचं काम पाहणाऱ्या 'उमेद'च्या ताई. प्रश्न ते विचारत होते आणि बँकवाले फायली चाळत होते. वर्षभर एकमेकांच्या ठेवी पळवणाऱ्या बँका इथे आपापले आकडे सगळ्यांसमक्ष वाचून दाखवत होत्या.

अध्यक्ष होते जिल्हा अग्रणी बँक व्यवस्थापक, म्हणजे एलडीएम. वर्धा जिल्ह्याची अग्रणी बँक बँक ऑफ इंडिया. मग त्या बँकेचा माणूस आमच्या बँकेला जाब कसा विचारतो? चहाच्या वेळी शेजारच्या शाखेतल्या अनुभवी साहेबांनी उलगडा केला. १९ जुलै १९६९ ला चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. त्याच वर्षी अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या अभ्यासगटाने बँकांनी क्षेत्र वाटून घेऊन काम करावं, असं सुचवलं. नरिमन समितीनेही तेच उचलून धरलं आणि डिसेंबरात अग्रणी बँक योजना सुरू झाली. एका जिल्ह्यात एका बँकेने पुढाकार घ्यायचा, इतर बँका आणि सरकारी खाती यांची सांगड घालायची.

आमच्या शाखेचं उद्दिष्ट मुख्य कार्यालयातून येतं, हाही माझा भ्रमच. नाबार्ड आधी जिल्ह्यात कशाला किती कर्जाचा वाव आहे याचा आराखडा करतं. त्यावरून वार्षिक पतपुरवठा आराखडा ठरतो आणि तो वाटत वाटत शाखेपर्यंत येतो. हेक्टरी कोणत्या पिकाला किती कर्ज, हे जिल्ह्याची तांत्रिक समिती सुचवते. शिवाय टक्केवारी: बँकेच्या एकूण कर्जांपैकी ४० टक्के प्राधान्य क्षेत्राला, आणि त्यात एकूण कर्जांच्या १८ टक्के शेतीला. सीडी रेशो म्हणजे जमलेल्या ठेवींच्या मानाने तिथेच किती कर्ज वाटलं. बँकेच्या ग्रामीण आणि निमशहरी शाखांचा मिळून तो ६० टक्के तरी हवा, आणि जिल्ह्याचा ४० च्या खाली गेला तर खास उपसमिती बसते.

डोकं गरगरत असताना कृषी अधिकाऱ्यांनी एका शेतकऱ्याची तक्रार मांडली. "त्या बँकेत गेलो त म्हणते, तुमचं गाव आमच्याकडं येत नाही." १९८९ मध्ये सेवाक्षेत्र पद्धत आली, तेव्हा गावं शाखांना वाटून दिली होती. २००४ च्या अखेरीस ते बंधन सर्वसाधारण कर्जांपुरतं काढून टाकलं, तरी काउंटरवर 'दत्तक गाव' अजून जिवंत! एलडीएम साहेबांनी संबंधित शाखेला एवढंच विचारलं, "अर्ज कधी घेताय?" तारीख इतिवृत्तात लिहून घेतली.

एवढंच? मला नवल वाटलं. ही समिती एक रुपयाचंही कर्ज मंजूर करू शकत नाही. शेजारच्या शाखेतले साहेब हसले. "मॅडम, पुढच्या बैठकीत आधी हीच तारीख निघते. तिथे नाही सुटलं तर जिल्हा समितीत. तिथे कलेक्टर अध्यक्ष असतात आणि रिझर्व्ह बँकेचा अधिकारी समोर बसतो." त्याच्याही वर राज्यस्तरीय समिती, तिचं निमंत्रकपद बँक ऑफ महाराष्ट्रकडे.

मग आमची पाळी. खरीप पीककर्जाचा आमचा आकडा बरा होता. मी निर्धास्तपणे वाचला. एलडीएम साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "यात नवे शेतकरी किती?" तक्त्यात तो रकानाच नव्हता. "पाहून कळवते," म्हटलं.

शाखेत येऊन खाती काढली, तर बहुतेक सगळं 'नवं-जुनं'. तेच शेतकरी मार्चअखेर भरतात आणि पुन्हा उचलतात. आकडा भरतो, पण कर्जाच्या दारात नवा माणूस येत नाही. परत गेलेले अर्ज चाळले. काही थकबाकीदार होते, पण बऱ्याच जणांच्या सातबाऱ्यावर अजून वडिलांचं किंवा आजोबांचंच नाव. शेत कसणारा मुलगा, कागदावर दिवंगत बाप. वारसाचा फेरफार झाल्याशिवाय आम्ही कर्ज देणार कोणाला? आणि तो फेरफार काही बँकेत होत नाही.

तेव्हा कुठे त्या सभागृहात तहसीलची खुर्ची का मांडतात ते समजलं. कर्ज शाखेत मंजूर होतं, पण अडतं ते कित्येकदा दुसऱ्याच्या टेबलावर, आणि ती सगळी टेबलं तिमाहीतून एकदा तिथे जवळ येतात. मी गावनिहाय यादी केली आणि वारस नोंदीसाठी शिबिर घ्यावं, असं पत्र एलडीएम कार्यालयाला पाठवलं. पुढच्या बैठकीची विषयपत्रिका आधीच निघाली होती. उत्तर आलं, "ऐनवेळच्या विषयांत घेतो, यादीच्या प्रती जास्त आणा."