वडगावातला खडखडाट

कपिलेश्वरचा उड्डाणपूल उतरून शहापुरात शिरलं, नाथ पै चौक मागं टाकला आणि वडगावच्या वाटेला लागलं, की पूर्वी पत्ता विचारावा लागत नसे. कानच सांगायचे. गल्लीच्या तोंडापासूनच यंत्रमागांचा खडखडाट सुरू व्हायचा. घराघरांतून तोच आवाज. बोलणारी माणसंही त्यामुळं चढ्या आवाजात बोलायची, आणि परक्याला वाटायचं, भांडताहेत की काय!

परवा मी गेलो तेव्हा पत्ता दोनदा विचारावा लागला. एकदा मराठीत, एकदा कन्नडात.

निमित्त एका विद्यार्थ्याचं होतं. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. तिसऱ्या बाकावर बसणारा, कमी बोलणारा हा मुलगा तीन आठवडे वर्गात नव्हता. फोन लागत नव्हता. परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत संपत आली होती. म्हटलं, घरीच जाऊन यावं.

घर म्हणजे पुढं एक खोली, मागं पत्र्याची शेड. शेडमध्ये दोन माग. त्यांच्या शेजारच्या जमिनीवर आणखी दोन मागांच्या खुणा, बोल्ट उपटलेली भोकं आणि तेलाचे काळे डाग. चालू मागाजवळ मुलाचे वडील उभे होते. दुसरा बंद होता.

"बर्री सर, बर्री," म्हणत ते पुढं आले आणि खटका दाबून त्यांनी चालू मागही थांबवला. आवाज एकदम बंद झाला. बोलायला बरं झालं, असं आधी मला वाटलं. मग ध्यानात आलं, साडीमागे मजुरी घेणाऱ्या माणसानं माझ्यासाठी माग थांबवला होता. मी बसेन तेवढा वेळ त्यांची मजुरी बुडणार होती.

या घरात दोन्ही भाषा एकाच वाक्यात नांदतात. वडील कन्नडात सुरुवात करतात आणि मराठीत संपवतात. आई त्याच्या उलट. मागाचे शब्दही तसेच. आपण माग म्हणतो, कन्नडात मग्ग. आपली कांडी, त्यांची कंडिकी. आपण ताणा-बाणा म्हणतो, ते हासु-होक्कु. शहापूर पूर्वी सांगली संस्थानात होतं आणि लगतचं बेळगाव इंग्रजांच्या ताब्यात. १९४८ साली संस्थान विलीन झालं, १९५६ साली हा सगळा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, १९७३ साली म्हैसूरचं कर्नाटक झालं. शहापुरात जन्मलेल्या एखाद्या आजोबांनी घर न बदलता इतकी सरकारं पाहिली. कापड घेणारं गिऱ्हाईक मात्र तेच राहिलं. दोन्ही भाषांतली लग्नघरं.

"चार माग होते सर," आई म्हणाली. "लॉकडाऊनमध्ये दोन दिले. किलोच्या भावानं."

२०२० चा तो मार्च महिना. लग्नसराईसाठी विणलेला माल तयार होता आणि लग्नंच थांबली. साडी ही काही औषधासारखी गरजेची वस्तू नव्हे. ती पडून राहिली. त्याच वर्षी सरकारनं हातमाग विणकरांसाठी वर्षाला २००० रुपयांची 'नेकार सन्मान' योजना आणली. पुढं २०२३ साली १० अश्वशक्तीपर्यंतच्या यंत्रमागांना मोफत वीज देण्याचा निर्णय झाला. २०२५ च्या सप्टेंबरात कृत्रिम धाग्याच्या सुतावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. यांतलं काहीच वाईट नाही. पण मोफत विजेवर माग चालवायलाही आधी मागणी हवी, आणि मागणी सरकारला विणता येत नाही.

सुरतेकडं धोट्याशिवाय चालणारे माग आहेत. पाण्याच्या फवाऱ्यानं आडवा धागा नेतात. वडगावचा धोटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाऊन परत येईस्तोवर तिकडं कितीतरी धागे पडलेले असतात. स्वस्त कापडाशी झुंजायचं ते याच धोट्यानं. हे सगळं मी वर्गात शिकवतो. फळ्यावर दोन रेषा काढतो, मागणीची आणि पुरवठ्याची. जिथं छेदतात तिथं किंमत. तो मुलगा ते वहीत उतरवून घ्यायचा.

"पोरगा कुठं आहे?" मी विचारलं.

"उद्यमबागेत. फौंड्रीत हेल्पर म्हणून लागलाय. रात्रपाळी." वडील जमिनीकडं बघत म्हणाले. आई म्हणाली, "आम्ही सांगितलं नाही हो सर. त्याचा तोच गेला. आता दिवसा झोपतो. आधी ह्या खडखडीतच झोपायचा, पाळण्यात असल्यापासून. माग थांबला की दचकून उठायचा. आता सगळं शांत, तर त्याला झोप लागत नाही."

चहा आला. कशाला तरी हात घालायचा म्हणून मी घरच्या लग्नाचं बोललो. भाचीचं लग्न ठरलं होतं. पत्रिका वाटण्याची तयारी चालली होती. आम्ही पत्रिकेत 'कृपया आहेर आणू नये' असं ठळक छापलं आहे, हेही मी सांगून टाकलं. थोड्या अभिमानानंच. देण्याघेण्याचं अवडंबर आपल्या घरातून गेलं, याचं मला समाधान होतं.

आई हसली. रागावली नाही, हे मुद्दाम सांगतो. म्हणाली, "चांगलंच आहे सर. पण ती ओळ आली, तेव्हापासून आमचं निम्मं काम गेलं."

क्षणभर मला उमजलंच नाही. मग तिनं समजावलं. नवरीचा शालू इथं कधीच विणला जात नव्हता. इथं विणायच्या त्या मानपानाच्या साड्या. आत्याला, मावशीला, विहिणीला, शेजारणीला द्यायच्या. ज्यांना आपण नाकं मुरडायचो, घडी न मोडता या घरातून त्या घरात फिरवायचो, त्या. एका लग्नात त्या डझनांनी लागत. आमच्याकडचा आहेर आणि त्यांच्याकडचा आयेर, दोन्हींवर ही गल्ली जेवत होती.

आहेर बंद करणं चूक होतं, असं मला अजूनही वाटत नाही. कितीतरी मुलींच्या बापांचं कर्ज त्या ओळीनं वाचवलं आहे. पण ती ओळ छापताना तिचं दुसरं टोक कुणाच्या शेडमध्ये जाऊन पोचतं, हे मी पाहिलं नव्हतं. मी फळ्यावर मागणीची रेषा डावीकडं सरकवायचो, तेव्हा त्या सरकण्याचा अर्थ तिसऱ्या बाकाला माझ्यापेक्षा जास्त कळत असणार.

उठताना मी म्हटलं, "तुमच्याकडच्या पाच साड्या द्या. रोख घेऊन जातो." मला वाटलं, तेवढंच ओझं उतरेल.

वडिलांनी मान हलवली. "सुट्टी साडी आमची नसती हो सर. सूत व्यापाऱ्याचं, डिझाईन त्याचं, माल त्याचा. आमची फक्त मजुरी."

मागावर अर्धी विणलेली साडी होती. डाळिंबी रंगाची, काठ हिरवा. ती त्या घरात होती, त्यांच्या हातून होत होती, आणि त्यांना ती मला विकता येत नव्हती.

परतताना शहापूरच्या खडेबाजारात थांबलो. दुकानदारानं आधी सुरतेच्या साड्यांचा ढीग पुढं टाकला. वडगावची मागितल्यावर त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं आणि खालच्या कप्प्यातून काढून दिल्या. पाच घेतल्या. पत्रिका छापून झाल्या होत्या, ओळ बदलायची नव्हती. पण घरातल्या पाच थोरल्या बायकांचा मान करायला पत्रिकेची आडकाठी नसते. पाच साड्यांवर एक माग किती दिवस चालेल, हे गणित मला येतं. ते इथं मांडत नाही.

मुलगा सोमवारी आला. फॉर्म भरला. रात्रपाळी सोडणार नाही, एवढं मात्र त्यानं आधीच सांगितलं. मीही सोड म्हटलं नाही. तिसऱ्या बाकावर बसला आणि दहाव्या मिनिटाला त्याची मान खाली गेली. मागच्या पोरांत कुजबूज सुरू झाली. शिकवताना मी सहसा थांबून थांबून बोलतो. त्या दिवशी थांबलो नाही. आवाज बंद झाला तर तो दचकून उठेल, अशी भीती वाटली. तास संपेपर्यंत एकसारखा बोलत राहिलो.