दिलेल्या घोडीची खबरबात

रेवाला नव्या घरी पाठवलं ते पूर्ण विचारानं. पाठीच्या दुखण्यानं माझी रपेट कायमची थांबली होती, आणि तिला मागणारं कुटुंब शेतकऱ्याचं, गोठ्यात वाढलेलं होतं. तो निर्णय आजही योग्य वाटतो. तरी तिची काळजी सुटत नाही, आणि ती सुटू नये असंच मला वाटतं.

रेवा शर्यतीतून आलेली. थरोब्रेड घोडं दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी धावायला लागतं आणि सहा-सात वर्षांचं होईतो बहुतेकांचं धावणं संपतं. आयुष्य मात्र पंचवीस वर्षांचं. नीट सांभाळलं तर त्याहूनही जास्त. माणसाला घोड्याची गरज असते ती थोडी वर्षं, घोड्याला माणसाची गरज असते ती जन्मभर. मधल्या काळात ते या हातातून त्या हातात जातं. पहिला हात आपण पारखून घेतो. पुढचे हात आपल्याला न विचारताच ठरतात.

नव्या घरून फोटो येतात. दसऱ्याला कपाळी कुंकू, गळ्यात झेंडूची माळ. घरचे म्हणतात, किती छान ठेवलीय! मी तिच्या बरगड्या बघते. घोड्याची अंगलट १ ते ९ अशा श्रेणीत जोखायची एक पद्धत हेनेके या संशोधकांनी १९८३ साली मांडली. तिच्यात नजरेइतकाच हाताचा स्पर्श महत्त्वाचा : बरगडी दिसू नये, पण हात फिरवला की लागावी. फोटोवरून हात फिरवता येत नाही. मग मी शेपटीच्या मुळाशी मांस आहे का ते बघते, खुरांच्या कडा बघते. नालबंद दर सहा-आठ आठवड्यांनी यायला हवा. तो आला नसेल तर खूर पुढं लांबलेले दिसतात. दातांचं मात्र फोटोत काहीच कळत नाही. घोड्याचे दात झिजतात तसे हिरडीतून वर सरकत राहतात. त्यांच्या कडांना धार येते, गाल आतून सोलतो, आणि घोडं अर्धवट चघळलेला घास बाहेर टाकून देतं. भरल्या गव्हाणीपुढं ते वाळत जातं.

मला भीती दुष्टपणाची नाही, अजाण मायेची आहे. गोठ्यातल्या माणसांना सवय बैलाची, आणि बैल रवंथ करतो; घोडा करत नाही. घोड्याचं जठर लहान; त्याला दिवसभर थोडं थोडं चरावं लागतं आणि त्याला ओकता येत नाही. कौतुकानं एकदम वाढवलेल्या दाण्यानं पोटशूळ उठतो आणि तो जीवही घेऊ शकतो.

आणि उद्या त्या घरावरच वेळ आली तर? पाऊस दगा देईल, वैरण महागेल, घोडी विकावी लागेल. मग ती वरातीत बँडच्या दणदणाटात उभी असेल, की किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवत असेल? ते काम करणारे सगळे निर्दय नसतात. घोड्यावर चूल पेटते तिथं त्याला जिवापाड जपणारेही असतात. २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयानं शोभेच्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवल्या आणि त्या बंद करायला वर्षाची मुदत दिली. निकाल मला पटला. पण जू उतरलं म्हणजे पोट भरलं असं होत नाही. काम थांबलेल्या घोड्यालाही रोज वैरण, पाणी आणि सावली लागतेच.

म्हणून मी मनातल्या मनात झुरणं सोडून काही गोष्टी बोलून ठरवल्या. मालकांइतकंच मी मोतद्दाराशी बोलते. तिनं पाणी किती प्यायलं, लीद कशी टाकली, हे त्याला ठाऊक असतं. नालबंदाचा आणि दात घासून घ्यायचा खर्च मी देते. आणि कागदावर एक अट आहे : तिला ठेवणं जमेनासं झालं तर आधी मला कळवायचं. म्हातारपणी वेदना असह्य झाल्या, तर डॉक्टरांच्या हातून तिला शांत मरण द्यायचं, बाजार दाखवायचा नाही, हेही त्यातच लिहिलंय.

अशी अट घालणं म्हणजे नव्या मालकावर अविश्वास नव्हे. उलट अडचणीच्या दिवशी त्याला हाक मारायला एक माणूस मिळतो. घोडं देणाऱ्या प्रत्येकानं एवढं लिहून द्यावं आणि लिहून घ्यावं. मालकी देता येते. ज्या जिवाला आपण माणसावर विसंबायला शिकवलं, त्याची जबाबदारी तेवढ्यानं संपत नाही.