टाकीत ऑइल कालवणारी पिढी

म्हैसूरच्या कारखान्यातून १९६१ साली जावा मोटरसायकल बाहेर पडू लागली. पुढे सत्तरच्या दशकात तिच्या टाकीवर येझदी हे नाव आलं आणि १९९६मध्ये कारखानाच बंद पडला. दरम्यान ती महाराष्ट्रातल्या किती घरांत आली आणि किती घरांची झाली! पोर टाकीवर, बाबांच्या मागे एका बाजूला पाय सोडून आई, तिच्या मांडीवर धाकटं आणि हॅण्डलला पिशवी. रविवारी सकाळी जुनं बनियन आणि रॉकेलचा डबा घेऊन बाबा तिच्याशेजारी बसत. आमच्या पिढीतल्या अनेकांना हे चित्र समजावून सांगावं लागत नाही.

त्या माणसांच्या काही ठरलेल्या सवयी होत्या. पेट्रोल भरताना लिटरमागे साधारण चाळीस मिली ऑइल मोजून घालायचं आणि झाकण लावलं की गाडी डावी-उजवीकडे हलवायची. घर जवळ आलं की अलीकडच्या चौकातच वाकून पेट्रोलचा कॉक बंद करायचा. घाट उतरताना मध्येच उगाच रेस द्यायची. लहानपणी ही आम्हाला बाबांची लकब वाटे. आज कोपऱ्यात पडलेली तीच गाडी उघडून बसलं, की एकेका लकबीचं कारण हाताला लागतं.

टू-स्ट्रोक इंजिनाला ऑइल मिळतं ते पेट्रोलबरोबरच. लांब उतारावर थ्रॉटल पूर्ण बंद ठेवला, तर चाकं इंजिनाला जोरात फिरवत राहतात, पण पिस्टनला ऑइल पोहोचत नाही. खंबाटकी घाट उतरताना बाबा मधूनमधून रेस देत ते पिस्टन सीझ होऊ नये म्हणून. कॉक आधी बंद करायचा, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोल घरी पोहोचेपर्यंत संपतं. ते तसंच राहिलं, तर पेट्रोल उडून जातं आणि चिकट ऑइल जेटमध्ये बसतं. वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीचा कार्बोरेटर उघडला की हा चिकटा दिसतोच.

अशी गाडी मिळाली की लगेच किक मारू नये. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडावं, मुरू द्यावं, मग गिअर टाकून मागचं चाक हलकेच पुढे-मागे करावं. पिस्टन सुटला तर ठीक, नाहीतर हेड उघडावं लागतं. टाकीतला गंज काढायला आत छोटे नट घालून ती खळखळवायची आणि रॉकेलने धुवायची. पॉइंट घासून त्यांचं अंतर ०.४ मिलिमीटर ठेवायचं. दोन्ही सायलेन्सरमध्ये काजळी दाटलेली असते. ती काढल्याशिवाय गाडी ओढणार नाही.

सगळ्यांत जास्त चकवतात ती क्रँकची ऑइल सील. रबर कडक झालं की एका बाजूने हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं आणि इंजिन तापतं. दुसऱ्या बाजूने गिअरबॉक्सचं ऑइल ओढलं जातं आणि पांढरा धूर थांबत नाही. लोक कार्बोरेटरला दोष देत बसतात. जुना मिस्त्री मात्र धुराचा रंग बघतो, गिअरबॉक्समधलं ऑइल तपासतो आणि सरळ सांगतो, ‘सील गेलंय, इंजिन उतरवू या.’ असा माणूस अजून आपल्या गावात असेल तर ती मोठी मिळकत आहे. पुण्यात सुट्या भागांसाठी नाना पेठ आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार धुंडाळता येतो, पण आणलेला भाग नेमका बसतोय का, हे त्याच्याच बोटांना कळतं.

इंजिन बोललं की आनंद होतो, पण रस्त्याची तयारी तिथे संपत नाही. ब्रेक लायनर नवे हवेत. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी रबर म्हातारं झालेलं असतं, ते बदलावंच. भुगा होणारी वायर काढून फ्यूजसकट नवी घालावी. क्रोम आणि रंग सगळ्यांत शेवटी. मला तर हॅण्डलची झिजलेली मूठ आणि टाकीच्या रबरी पॅडवरची गुडघ्यांची झीज तशीच ठेवावीशी वाटते.

कागदांचा एक पेच आहे. ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१पासून विंटेज नोंदणीची वेगळी सोय आहे, २०,००० रुपये भरून. पण त्या नोंदणीवर गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. बाबांची गाडी मंडईपर्यंत न्यायची असेल, तर जुनीच नोंदणी तपासणी करून वाढवून घेणं बरं. ती गाडी मंडईत जाण्यासाठीच घेतली होती. तिला काचेमागे ठेवणं मला पटत नाही.

तेव्हा घरात अशी एखादी उभी असेल, तर भंगारवाल्याला हाक मारू नका. बाबा, काका, मामा, जे कुणी ती चालवत होते ते आहेत तोवरच काम काढा. त्यांना शेजारी खुर्ची टाकून बसवा आणि विचारत राहा. आणि पहिला पाना लावण्याआधी आरसी बुक शोधा; बहुतेक वेळा ते त्यांनीच कपाटात जपून ठेवलेलं असतं.