बाजाच्या मागे चालणारे

पितळी वाद्यं बंद खोलीसाठी घडलेली नाहीत. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन यांना रस्ता लागतो, गर्दी लागते. त्या शनिवारी निगडीतल्या एका हॉटेलात सहा वादक काउंटरशेजारच्या अडचणीच्या जागेत उभे राहिले आणि पहिला सूर फुटला, तेव्हा जवळच्या टेबलावरचे ग्लास किणकिणले. वेटर हातातल्या ट्रेसकट जागच्या जागी थांबला. बाहेर जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरून कंपन्यांच्या बस जात होत्या. आत मसाला पापड, तंदुरीचा धूर, कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक. आणि या सगळ्यात शंभर वर्षांपूर्वीच्या न्यू ऑर्लिन्सच्या गल्ल्यांमधलं जॅझ.

माझा दिवस चाकणला मोजण्यात जातो. क्वालिटीचं काम, हातात व्हर्नियर नाहीतर मायक्रोमीटर. म्हणूनही असेल, माझी नजर ट्रॉम्बोनवर खिळली. त्याची नळी पुढे-मागे सरकते, तिच्या सात जागा असतात, पण त्या नळीवर एकही खूण नसते. कुठे थांबायचं ते हाताला आणि कानाला ठाऊक. वादक साठीच्या पुढचे. ते नळी अशी सोडत की सूर घरंगळत यावा आणि नेमका आपल्या जागी बसावा. गाणं संपलं की वळणावरची बारीक कळ दाबून आत साठलेलं पाणी पायाशी टाकलेल्या फडक्यावर झटकायचे आणि पुन्हा तयार. तोवर क्लॅरिनेटवाला नवी पत्ती ओठांत धरून भिजवत असायचा. नळ-बोरूच्या जातीच्या काठीतून तासलेली ही पत्ती. कोरडी राहिली तर सूर चिरकतो.

या जुन्या जॅझची गंमत अशी की त्यात सगळे एकाच वेळी आपापलं बोलतात. ट्रम्पेट चाल सांगतं, क्लॅरिनेट तिच्या वरून वेलबुट्टी काढत धावतं, ट्रॉम्बोन खालून हुंकार भरतो. बँजो, ड्रम आणि मोठं बास व्हायोलिन ठेका सोडत नाहीत. (बँजो म्हणजे आपल्या बेंजो पार्टीतलं बटणांचं वाद्य नव्हे, कातडी मढवलेल्या गोल तोंडाचं, तारा छेडून वाजवायचं.) पुढचे तिघेही मनानं वाजवतात, समोर कागद नसतो, तरी कुणी कुणाच्या पायात येत नाही. कारण प्रत्येक जण वाजवताना दुसऱ्याचं ऐकत असतो. असं ऐकत ऐकत बोलणारी माणसं बघायला मिळाली की मला फार बरं वाटतं.

माझ्याबरोबर शिफ्टमधला एक सोबती होता. खेड तालुक्यातला, वारकऱ्याच्या घरातला. दोन गाणी होईपर्यंत तो गप्प होता. मग क्लॅरिनेट एकदम वरच्या सप्तकात चढलं आणि तो माझ्याकडे वळून म्हणाला, “अहो, हा तर आमच्या मामाचा बाजा!” त्याचे मामा लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. तो चुकीचं काहीच बोलला नव्हता. न्यू ऑर्लिन्सचं जॅझ अशाच बाजातून उगवलं. लष्करी बँडची वाद्यं सामान्यांच्या हाती आली, ती मिरवणुकीत आणि अंत्ययात्रेत वाजू लागली. स्मशानाकडे जाताना संथ, जड सूर; माघारी येताना तेच वादक नाचायला लावणारी चाल धरत. बँडमागून नाचत येणाऱ्या लोकांना तिथे ‘सेकंड लाइन’ म्हणतात. मी हे सांगितल्यावर सोबती म्हणाला, “आजोबांना आम्ही टाळ-मृदंगातच पोचवलं.” आणि पुन्हा ऐकण्यात गढून गेला.

हे संगीत बड्या हॉटेलांचं आणि उंची ग्लासांचं, अशी आपल्याकडे समजूत आहे. तिचा मला मनापासून राग येतो. ते वाजवणारे बहुतेक जण पोटासाठी दुसरं काही करत. जॉनी सेंट सीर हा बँजोवाला गवंडीकाम, गिलावे करी. मॅन्युएल पेरेझ हा कॉर्नेटवाला सिगार वळी. आणि जॉर्ज लुइस! त्याची गोष्ट आठवली की अजून गलबलतं. हा क्लॅरिनेटवाला न्यू ऑर्लिन्सच्या धक्क्यावर हमाली करायचा. १९४४ साली तिथल्या अपघातात त्याची छाती चेमटली. फुंकून वाजवणाऱ्याची छाती! तो घरी पडून होता, तेव्हा बँजोवाला आणि बासवाला सोबती त्याच्या उशाशी आले, आणि त्यानं पडल्या पडल्या वाजवलेली एक संथ, दुखरी धून ध्वनिमुद्रित झाली. ती आज जुन्या जॅझमधली अजोड चीज मानतात. आमच्या पट्ट्यात प्रेसखाली बोटं गमावलेली माणसं मी पाहिली आहेत. ती धून कुणाची आहे, हे मला कुणी समजावून सांगायला नको.

आपल्याकडेही ही चाल लोकांपर्यंत पोचली ती कामगाराच्याच पायांतून. १९३५ साली अमेरिकेतला लिऑन ॲबी आपला जॅझ बँड घेऊन मुंबईच्या ताजमध्ये आला. त्या संगीताचं वेड गोव्याच्या पोरांनी उचललं. चर्चच्या शाळांत स्वरलेखन शिकलेली, वाद्यांवर हात बसलेली ही पोरं. आल्दोन्याचे आंतोनियो झेवियर वाझ पुढे चिक चॉकलेट या नावानं गाजले, न्यू ऑर्लिन्सच्या थोर ट्रम्पेटवाल्यावरून लोक त्यांना हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. दारूबंदी आली, रात्रीच्या मैफली ओसरल्या, आणि यातले कितीतरी वादक सिनेमाच्या स्टुडिओत शिरले. तिथे त्यांना आपले नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे संगीतकार सी. रामचंद्र भेटले. १९५१ च्या ‘अलबेला’त चिक चॉकलेट आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतात. आणि त्या ठेक्यावर नाचले कोण? भगवान आबाजी पालव, गिरणी कामगाराचा मुलगा, आपले भगवानदादा. कोपरं अंगाशी, खांदे हलके, पाय जमिनीलगत. गणपती विसर्जनात आजही निम्मी गर्दी तोच नाच नाचते.

हॉटेलातही शेवटी तेच झालं. एका गाण्यावर वाढदिवसाच्या टेबलावरच्या काकू उठल्या, त्यांच्यामागे नातवंडं, मग कंपनीच्या शर्टातले चार तरुण. माझा सोबती अर्थातच भगवानदादांच्या पद्धतीनं नाचला. ट्रम्पेटवाल्यानं मान झुकवून त्याला दाद दिली आणि टेबलांमधून वाजवत चालू लागला. आम्ही त्याच्या मागे. मीसुद्धा.

या पट्ट्यात १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, पुढे टेल्को आली, बजाज आली, अलीकडे चाकण भरलं. दर वेळी गावोगावची माणसं आली आणि आपली भजनं, लेझीम, बाजा बरोबर घेऊन आली. भजन टिकलं आहे. लेझीम ढोल-ताशा पथकांच्या आडोशानं तग धरून आहे. बाजा मात्र आमच्या डोळ्यांदेखत चालला. वरातीपुढे आता डीजेची भिंत येते, छाती धडधडते, खिडक्या हादरतात, आणि त्यात कुणी कुणाचं ऐकत नाही. सोबत्याच्या मामांचं क्लॅरिनेट पेटीत पडून आहे. वाजवायला बोलावणंच येत नाही, असं तो सांगत होता.

तुमच्या घरात यंदा लग्न असेल तर डीजेला नको म्हणा. पंचक्रोशीत एखादा तरी बँड अजून असेल, त्यांच्याकडे जा. त्यांच्यात जो सगळ्यात म्हातारा क्लॅरिनेटवाला असेल, त्याला पुढे उभं करा, त्याच्या मनातलं वाजवायला सांगा, आणि त्याच्या मागे चाला.