पेटी, अंगठा आणि एकच वाद्य



गेल्या वर्षीच्या दशलक्षण पर्वातली गोष्ट. तिसरा दिवस, उत्तम आर्जव. सकाळी प्रवचनात ऐकलं होतं की मनात एक आणि बाहेर दुसरं असं असू नये. आणि त्याच संध्याकाळी मंदिरात भक्ती चालू असताना माझ्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी अशी कळ आली की हात पट्टीवरून उचललाच गेला. मी काय केलं? आवाज चढवला. गाणं मोठ्यानं म्हटलं की पेटी थांबलेली कुणाला कळत नाही, हा आम्हा पेटीवाल्यांचा जुना उपाय. आरती झाल्यावर जाऊबाई जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "वहिनी, आज पेटी मध्येच गप्प का झाली हो?" मी म्हटलं, "भात्यात काहीतरी अडकलं." आर्जवाच्या दिवशी!

खरं म्हणजे दुखणं दोन वर्षांचं होतं. बरणीचं झाकण फिरवताना, कपडे पिळताना, पोळीची कणीक मळताना अंगठा बोलायचा. डॉक्टरांनी सांगितलं की अंगठ्याच्या मुळाचा सांधा झिजलाय, आपल्या वयाच्या बायकांत हे फार असतं. पेटी बंद करा असं ते म्हणाले नाहीत. पण म्हणाले, "जड उचलू नका आणि दाबून वाजवू नका." माझी पेटी साडेअकरा किलोची. घरातून रिक्षात, रिक्षातून मंदिराच्या पायऱ्यांवर. डाव्या हातानं भाता, उजव्या हातानं पट्ट्या. म्हणजे दोन्ही गोष्टी रोजच्याच.

सूनबाई म्हणाली, "आई, कीबोर्ड घ्या ना. भाता नाही, वजन कमी." मी लगेच नाही म्हटलं. कारण पैशांचं नव्हतं. सहा वर्षांपूर्वी मी परिग्रह परिमाणाचा नियम घेतला तेव्हा वहीत एकेक गोष्ट लिहून काढली होती. साड्या किती, दागिने किती, भांडी किती. त्यात एक ओळ आहे, "वाद्य : एक." तेव्हा लिहिताना हसू आलं होतं, दुसरं वाद्य घेऊन मी काय करणार! आता तीच ओळ आडवी आली. कीबोर्ड आणायचा तर पेटी द्यायची. आणि पेटी सासऱ्यांनी घेऊन दिलेली, लग्नानंतर दुसऱ्या वर्षी. बी.कॉम. झालेली सून घरात बसून काय करणार म्हणून नव्हे, तर सून गाते म्हणून. असे सासरे त्या काळी किती जणींना मिळाले?

मग मी जे येतं ते केलं. वही घेतली, मध्ये रेघ मारली, डावीकडे नावे, उजवीकडे जमा. एका बाजूला पेटी ठेवण्याची कारणं, दुसऱ्या बाजूला देण्याची. ताळेबंद जुळला नाही. पण एक गोष्ट स्पष्ट झाली. पेटी ठेवली तर दोन-तीन वर्षांत वाजवणंच बंद होणार, आणि मग "वाद्य : एक" हे नुसतं कपाटावर धूळ खात पडणार. वापरात नसलेली वस्तू जपून ठेवणं हाच तर परिग्रह.

मुलाकडे पुण्याला गेले तेव्हा एका मोठ्या दुकानात गेलो. तिथला मुलगा हुशार, पण त्याला वाटत होतं की चांगलं म्हणजे 88 पट्ट्यांचंच. "काकू, खऱ्या पिआनोसारखा टच आहे." मी बोट ठेवलं आणि अंगठ्यानं लगेच उत्तर दिलं. नको.

तेव्हा कळलं की पट्टीखाली काय असतं यावर सगळं अवलंबून आहे. मला समजलं ते साध्या शब्दांत सांगते.

पहिला प्रकार हलक्या पट्ट्यांचा. खाली स्प्रिंग किंवा लवचीक प्लास्टिक, बोट उचललं की पट्टी पटकन वर. आपल्या पेटीच्या पट्टीखालीही स्प्रिंगच असते, त्यामुळे पेटीवाल्या बोटाला हा प्रकार ओळखीचा वाटतो. दुसरा प्रकार मधला, स्प्रिंग असते आणि पट्टीला थोडं वजनही लावलेलं असतं. तिसरा हातोडीचा. खऱ्या पिआनोत पट्टी दाबली की हातोडी तारेवर आपटते. तार नसली तरी तसा भार बोटाला जाणवावा म्हणून या कीबोर्डात छोट्या हातोड्या बसवतात. आणि खर्जाच्या बाजूला पट्ट्या जड, तारसप्तकाकडे हलक्या. हे सगळं आत असल्यामुळे वाद्यही जड होतं. यामाहाचा पी-45 हा 88 पट्ट्यांचा, वजन साडेअकरा किलो. म्हणजे माझी पेटीच की! त्याच कंपनीच्या स्टेजवरच्या सीके मालिकेत हा फरक नीट दिसतो. हातोडीच्या 88 पट्ट्यांचा सीके-88 तेरा किलोंच्या वर, आणि हलक्या 61 पट्ट्यांचा सीके-61 साडेपाच किलोंच्या आसपास, स्पीकर आतच आणि आठ पेन्सिल सेलवरही चालणारा. आवडला, पण माझ्या अंदाजपत्रकाच्या बाहेर. घरखर्चातून बाजूला ठेवलेले 30,000, त्याच्या वर जायचं नाही हे आधीच ठरवलं होतं.

आता मी दुकानात केलेला उद्योग ऐका. पर्समधून दहा रुपयांची नाणी काढली आणि पट्टीच्या कडेला एकावर एक रचू लागले. पट्टी किती नाण्यांनी खाली जाते ते बघायला. दहाचं नाणं पावणेआठ ग्रॅमच्या आसपास असतं आणि पिआनोची मधली पट्टी साधारण 50 ग्रॅमनी खाली जाते, म्हणजे सहा-सात नाणी. दुकानातला मुलगा आधी हसला, मग स्वतःच खिशातली नाणी काढून द्यायला लागला.

पण नाण्यांनी अर्धंच सांगितलं. हातोडीची पट्टी सुरुवातीला अडते आणि एकदा सुटली की आपल्या वजनानं जाते. स्प्रिंगची पट्टी सुरुवातीला मऊ, पण जसजशी खाली जाते तसतशी उलट ढकलते. आणि तळाला काय आहे तेही बघावं लागतं. एका स्वस्त कीबोर्डची पट्टी इतकी हलकी होती की बोट थेट तळाला आपटायचं. टेबलावर बोट आपटावं तसं. दहा मिनिटांत सांधा तापला. म्हणजे हलकं ते सुखाचं असंही नाही. हलकी हवी, पण तळाला मऊ हवी.

आणखी एक गोष्ट मला दुसऱ्या दुकानात, कोल्हापुरात लक्षात आली. आपण बायका बहुतेक काळी चार किंवा काळी पाचमध्ये गातो. काळी चारला सा काळ्या पट्टीवर आणि शुद्ध ग, ध, नि पांढऱ्यांवर येतात. बोटं काळ्यावर असल्यामुळे अंगठा पांढरी पट्टी पुढच्या कडेला दाबत नाही, आत काळ्या पट्ट्यांच्या मध्ये दाबतो. पट्टी म्हणजे शेवटी तरफच. दाराच्या कडेला ढकललं तर दार सहज उघडतं, बिजागरीजवळ ढकलून बघा! पट्टीचंही तसंच. कडेला जी लोण्यासारखी वाटते तीच आत जड होते. छोट्या, कमी खोलीच्या कीबोर्डात तर जास्तच. म्हणून मैत्रिणींनो, दुकानात सारेगम पांढरी एकमध्ये वाजवून खूश होऊ नका. आपल्या पट्टीत, आपलं नेहमीचं पद, निदान पंधरा मिनिटं वाजवा. बसूनही जसं घरी बसता तसंच बसा. मी सरळ दुकानात खाली मांडी घातली. या वयात लाज कसली!

शेवटी घेतला तो 61 पट्ट्यांचा, पूर्ण रुंदीच्या पट्ट्यांचा, पावणेपाच किलोचा. आपल्याला पाच सप्तकं पुष्कळ झाली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण माझ्या बोटाला बसला तो तुमच्या बोटाला बसेलच असं नाही. यामाहा आणि कॅसिओ या दोघांचेही आपल्याकडच्या वाद्यांचे आवाज घातलेले कीबोर्ड मिळतात, तेही वाजवून बघा.

घरी आणल्यावर तीन गोष्टी केल्या. पहिली, सुतारांकडून सहा इंच उंचीचा चौरंग करून घेतला. मांडी घालून बसलं की कोपर आणि पट्ट्या एका पातळीत येतात, मनगट मोडत नाही. दुसरी, 'टच' बंद केला. कीबोर्डात जोरात दाबलं की आवाज मोठा, हळू दाबलं की लहान. पेटीत तसं नसतं, तिथे लहान-मोठा आवाज भात्याचा. टच चालू असला की आवाज लहान पडेल या भीतीनं मी दाबूनच वाजवत होते. बंद केल्यावर बोट नुसतं ठेवलं तरी सूर पूर्ण. तिसरी, ट्रान्सपोज उणे चारवर ठेवून पांढरी एकमध्ये वाजवायला शिकले. आवाज काळी चारचाच येतो, पण अंगठा पट्टीच्या कडेला राहतो. चाळीस वर्षांची सवय मोडायला दोन महिने लागले. डोळ्यांना दिसतं एक आणि कानाला ऐकू येतं दुसरं. सुरुवातीला मीच गोंधळून हसत सुटायची.

आता पेटीचं. ती द्यायची ठरल्यावर दुरुस्तीला मिरजेला नेली. कारागिरांनी वरची फळी काढली आणि पट्ट्यांखालची हवेची झाकणं दाखवली. त्यांच्या खाली मऊ कातडं लावलेलं. हवा गळू नये म्हणून बऱ्याच पेट्यांना ते लावतात असं त्यांनी सांगितलं. मी सुन्न झाले. मंदिरात जाताना पाकीट, पट्टा बाहेर ठेवायला पोरांना बजावणारी मी, चाळीस वर्षं हे मांडीजवळ घेऊन वेदीसमोर बसत होते. रात्री झोप लागली नाही. पुढे चातुर्मासात आर्यिका माताजींना विचारलं. त्यांनी मला रागावलं नाही. नकळत झालं त्याचं प्रतिक्रमण कर आणि आता कळलंय तर कळल्यासारखं वाग, एवढंच म्हणाल्या. कारागिरांनी सगळं कातडं काढून कृत्रिम कापड लावून दिलं. दोन पट्ट्यांतून किंचित हवा जाते, त्याला इलाज नाही. कीबोर्ड म्हणजे अगदी निर्दोष असंही मी म्हणणार नाही. प्लास्टिक आहे, वीज आहे. पण आपण माहीत असून काय हातात धरतो, ते तरी आपल्या हाती आहे.

या वर्षी उत्तम त्यागाच्या दिवशी पेटी जाऊबाईंच्या नातीला दिली. दहा वर्षांची आहे, पाठशाळेत गाते. देताना जाऊबाईंना म्हटलं, "मागच्या वर्षी भात्यात काही अडकलं नव्हतं हो. अंगठा अडकला होता." त्या म्हणाल्या, "मला ठाऊक होतं. तुम्ही कधी सांगता याची वाट बघत होते." एक वर्ष त्या गप्प राहिल्या. मला मेलं शरमेनं पाणी झालं.

कीबोर्ड मंदिरात पहिल्यांदा नेला तेव्हा एक ज्येष्ठ काकी म्हणाल्या, "पेटी ती पेटीच." खरंच आहे. भात्याला श्वास असतो. ओळीच्या शेवटी आपण जसा दम सोडतो तसा भाताही सोडतो, आणि तो इथे नाही. आवाज कमी-जास्त करायला पायानं दाबायचं पॅडल मिळतं, पण मांडी घातल्यावर पाय कुठून आणायचा! मी डाव्या हातानं आवाजाचं बटण फिरवते. अगदी तसं होत नाही. पण त्या दिवशी भक्तामरचे 48 श्लोक सगळे झाले, आणि पेटी कुठेही गप्प झाली नाही.

घरी येऊन नियमाची वही काढली. "वाद्य : एक" ही ओळ तशीच आहे. एक अक्षरही बदलावं लागलं नाही.

तुमच्यापैकी कुणाचा हात दुखत असेल तर दोन वर्षं लपवू नका. घरात सांगा. आणि दुकानात जाताना पर्समध्ये दहाची नाणी ठेवा.

जय जिनेंद्र.